दोन माणसांना पुरेल असा तंबू

१७ ऑगस्ट, रविवार

दिवसभर दुसऱ्यांच्या बातम्या लिहिणाऱ्याने घरी येऊन स्वतःच्याही लिहायच्या, हे आचाऱ्याने लग्नाहून परतल्यावर पुन्हा चूल पेटवण्यासारखं आहे. म्हणून रोजनिशी कधीच सोडली होती. आज संघपालने विषयच असा काढला की कुठेतरी नोंद हवी.

आमच्या पेपरात मी लिहितो आणि तो फोटो काढतो. पूर, मोर्चे, हिवाळी अधिवेशन, सगळं मी त्याच्या स्कूटरच्या मागच्या सीटवरून पाहिलेलं आहे. मी संस्कृतात एम.ए. केलं याची शिक्षा म्हणून तो मला पंडित म्हणतो.

टपरीवर चहा घेताना म्हणाला, "पंडित, यंदा पातालकोट."

हे प्रकरण जुनं. छिंदवाड्याच्या पुढे, तामियाजवळ, जमीन एकदम खोल खाली बसली आहे. आत गावं, जंगल, दुधी नदी. तरुणपणी एका बातमीसाठी आम्ही कड्यावर उभे राहिलो होतो. उतरणार तेवढ्यात ऑफिसचा निरोप आला आणि परत फिरलो. तेव्हापासून दर हिवाळ्यात "यंदा पातालकोट" होतं आणि दर उन्हाळ्यात ते बारगळतं.

"पाताळात जायचं म्हणजे रीतसर बोलावणं यायला हवं," मी म्हणालो.

"बोलावण्यावर गेलो तर राहाची सोय त्यायच्याकडेच राहीन गा. त्याच्या आधी आपण आपल्या तंबूत राहू."

स्वतःच्याच विनोदावर इतका हसला की खोकला आवरेना. पावसाळी हवा आहे.

तर ठरलं. नदीकाठी एक रात्र, सामान सगळं पाठीवर. तंबू दोघांचा, हलका आणि वार्ताहराच्या पगाराला न लाजवणारा. निवडीचं काम माझ्याकडे. "तू सतरा ग्रंथ पाहशील, मले माहीत आहे," तो म्हणाला. "पण पाह्य लवकर."

२० ऑगस्ट, बुधवार

दोघं गांधीबागेत गेलो. कापड तिथे, म्हणून तंबूही तिथे असणार, हा माझा तर्क. दुकानदाराने आधी ताडपत्री दाखवली, मग लग्नाच्या मांडवाचं झालरवालं कापड.

"कितने लोगों का प्रोग्राम है?"

"दोन."

त्याने आम्हां दोघांकडे पाहिलं. दोघांची डोकी पांढरी, एकाच्या गळ्यात कॅमेरा. "कोर्ट मॅरेज करो भैया," म्हणाला, "मंडप का खर्चा बचेगा."

संघपाल दुकानाच्या पायरीवर बसून हसला. बराच वेळ बसला. मी म्हटलं चल, तर म्हणे, "थांब गा, गंमत मुरू दे."

तिथून सदरला खेळाच्या सामानाच्या दुकानात. तिथे मात्र खरे तंबू. एक फेकला की आपोआप उघडणारा. स्वस्त, पण साडेतीन किलो, आणि मिटल्यावर पुरणाच्या परातीएवढा. तो पाठीला बांधून चाललो तर गावकरी कासव म्हणून नमस्कार करतील. दुसरा दुपदरी, देखणा, वजन बेताचं. किंमत ऐकून आम्ही त्याला परकी स्त्री मानलं. दुकानदार म्हणाला, "आत झोपून बघा ना." झोपलो. 'दोन माणसांचा' म्हणजे कोणत्या दोन माणसांचा, ते कंपनीने लिहिलेलं नाही. माझा कोपर त्याच्या बरगडीत.

"पंडित, तू झोपेत श्लोक म्हणतो का?"

"नाही."

"मग चालते."

४ सप्टेंबर, गुरुवार

मधले दिवस लिहिण्यासारखे नव्हते, शनिवार सोडून. शनिवारी संघपालसोबत धंतोलीत होतो. धंतोलीत गेलं की सगळा विदर्भ आजारी वाटतो. यवतमाळची माणसं, गडचिरोलीची माणसं, कुणाच्या हातात एक्स-रेचं पाकीट, कुणाच्या डब्याची पिशवी. त्याच्या बायकोला, नंदिनीवहिनींना, शाळेतून सुटी मिळाली नाही, म्हणून मी गेलो.

डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली. फुप्फुसं आतून घट्ट होत चालली आहेत, स्पंज वाळावा तशी. मोकळी होणार नाहीत. औषधाने वेग कमी होईल. संघपालने एकच विचारलं, "डोंगर उतरलं तर चालते का?"

"उतराल हो. चढायचं काय?" डॉक्टरांनी फिल्म पाकिटात सरकवली. "जायचंच असेल तर आत्ता जाऊन या. महिन्याभरात. थंडीची वाट बघू नका."

थंडीत खोकला वाढतो, म्हणून म्हणाले असतील. एकूण परवानगी मिळाली हे मुख्य. येताना मी त्याला कचोरी खाऊ घातली.

आज तंबूचा निकाल. तिसरा एक सापडला आहे: एकपदरी, सव्वा किलोच्या आसपास, खिशाला झेपणारा. त्याला स्वतःच्या काड्या नाहीत. चालताना हातात धरायच्या दोन काठ्या असतात, त्याच उभ्या करून तंबू ताणायचा. एक काठी माझी, एक त्याची. व्याकरणाचे सूत्रकार अर्धी मात्रा वाचवायला जीव टाकत. काठीलाच खांब करणाऱ्या माणसाची त्यांनी पूजा केली असती.

संघपालने फोनवर शंका काढली. "एकपदरी आतून ओला होते. दोघायच्या श्वासाचं पाणी होऊन कापडाले चिकटते. थंडीत लेन्सवर येते ना, तसं."

"मग दुपदरी घेऊ?"

"नको. जड होईन तुले."

"मला? अर्धा तू घेणार आहेस."

"म्या आजपर्यंत कॅमेऱ्याची बॅग वाहिली, तू पेन वाहिला. आता तुझी पाळी."

कामचुकार. मी त्याला तसं म्हणालोसुद्धा.

८ सप्टेंबर, सोमवार

सदरच्या दुकानदाराने तंबू मागवून ठेवला. संध्याकाळी आणायला निघालो तर यमुताईने चप्पल घालताना अडवलं. ही माझी थोरली बहीण. शाळेत इतिहास शिकवला, आता निवृत्त. यजमान गेल्यापासून माझ्याकडे, म्हणजे खरं तर मी तिच्याकडे.

"केशव, पितृपक्ष लागला. नवी वस्तू घरात नको आणूस."

"ताई, तंबू आहे. सोन्याचा हार नाही."

"म्हणून काय झालं? निवाराच तो. नव्या निवाऱ्याला असा पंधरवडा? त्यातून संघपालची तब्येत अशी. पंधरवडा संपला की घ्या."

माझा या गोष्टींवर विश्वास नाही. मी शास्त्र वाचलं आहे, आणि तंबूविषयी शास्त्र गप्प आहे. पण याच पंधरवड्यात ताई तिच्या यजमानांचं पान वाढते, तेव्हा तिच्याशी वाद घालवत नाही. शिवाय तिला काळजी संघपालचीच. चप्पल काढून ठेवली.

संघपालला फोन केला.

"तंबूनं तुमच्या पूर्वजायचं काय घोडं मारलं बे?"

"ताईच्या मनाला लागेल."

"मग माझ्या घरी आण. आमच्याकडे हा पंधरवडा येतच नाही. आपण शनिवारी निघू."

"तंबू दोघांचा आहे. एकाला चालतो आणि एकाला नाही, असं कसं?"

तो हसला. "बरं. यमुताईले सांग, म्या वाट पाहतो म्हणा."

किती समजूतदार. दुसरा कुणी असता तर बामण म्हणून चार गोष्टी ऐकवल्या असत्या. त्याने त्याही ऐकवल्या नाहीत, याचं थोडं वाईटच वाटलं.

२३ सप्टेंबर, मंगळवार

पितृपक्ष संपला. कालपासूनच तंबू आणता आला असता. पण थांबलोच आहोत तर दसऱ्याचा मुहूर्त काय म्हणून सोडा? चांगल्या गोष्टीला थोडा धीर लागतो.

सराव म्हणून सकाळी अंबाझरीला चालायला गेलो. संघपालने कॅमेरा आणला होता. इतक्या वर्षांत या माणसाला तलाव दिसला नव्हता की काय कोण जाणे, आज दर दहा पावलांवर त्याला काहीतरी सापडत होतं. थांबायचा, कॅमेरा डोळ्याला लावायचा आणि लावूनच उभा राहायचा. पाणी, बाभूळ, बाक, बाकावरचे आजोबा. मी पुढे जाऊन जाऊन परत येत होतो.

"अरे, यात काय आहे फोटो काढण्यासारखं?"

बोलायचं नाही अशी हाताने खूण केली. कलावंत.

परतताना लक्षात आलं, लेन्सचं झाकण काढलेलंच नव्हतं. पोट धरून हसलो. "छायाचित्रकार संघपाल यांनी टिपलेला अंबाझरीचा अंधार," मी म्हणालो. तोही हसला. म्हणाला, "म्हातारा झालो गा पंडित." आम्ही एकाच वयाचे. मी जरा दुखावलो.

घरी नंदिनीवहिनींनी चहा दिला. तो आत गेल्यावर हळूच म्हणाल्या, "भाऊजी, ते तंबूचं लवकर करा ना."

"दसऱ्याला नक्की, वहिनी."

त्यांनी मान हलवली आणि कप उचलून नेले. माझा चहा संपायचा होता.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

तंबू आणला. ताईने हळदकुंकू लावलं. पिशवीवर कंपनीचं नाव होतं, बरोबर त्यावरच लागलं.

तसाच इंदोऱ्याला संघपालकडे गेलो. दसऱ्याला तो घरी असलेला आज पहिल्यांदाच पाहिला. त्याच्या आजोबांनी छप्पन्न साली दीक्षाभूमीवर दीक्षा घेतली. आणि संघपालने कॅमेरा हातात घेतल्यापासून एकदाही हा दिवस चुकवला नव्हता. पहाटेपासून तिथेच, गर्दीत, खांद्यावर पोरं घेतलेल्या बापांचे फोटो काढत. आज ऑफिसने दुसऱ्याला पाठवलं. हा पांढऱ्या शर्टात खिडकीशी बसून रस्त्याने जाणारे जथे बघत होता.

मी आपट्याचं पान दिलं. त्याने ते शर्टाच्या खिशात ठेवलं आणि तंबूची पिशवी मांडीवर घेतली. तळहातावर तोलून पाहिली, भाजीवाली वांगी तोलते तशी.

"हलका आहे."

"सांगितलं होतं ना."

"एकट्याले झेपते." वहिनींकडे वळून म्हणाला, "पाहून राहिली ना वं? एकट्याले झेपते हा."

पुढच्या आठवड्यात निघू म्हटलं. तो म्हणाला, आधी गच्चीवर लावून पाहू.

१२ ऑक्टोबर, रविवार

काल संध्याकाळी संघपालच्या गच्चीवर तंबू लावला. सगळा अभ्यास केला होता, एक सोडून: या तंबूला खुंट्या मारायला माती लागते. सिमेंटच्या गच्चीत खुंटी कोण मारणार? सतरा ग्रंथ पाहिले आणि घर बांधताना जमीन विसरलो. शेवटी एक दोरी कूलरच्या स्टँडला, एक तुळशीच्या कुंडीला, दोन विटांना. तंबू एका कुशीवर कललेला, पण उभा.

संघपाल जिना चढून आला. मधल्या वळणावर वहिनींनी खुर्ची ठेवली होती. त्या खुर्चीवर तो बराच वेळ होता. वरून मला फक्त त्याच्या काठीचा आवाज ऐकू यायचा. आला, ती काठी माझ्या हातात दिली. "घे. माझा खांब."

रात्र आम्ही तंबूत काढली. वहिनी नको म्हणत होत्या. मग त्यांनीच दोन जास्तीच्या उशा आणल्या. त्याला आडवं झोपता येत नाही, कोंडल्यासारखं होतं. टेकून बसूनच झोपला. माझा कोपर कुठेही लागला नाही, जागाच जागा होती.

सकाळी जाग आली ती गालावर थेंब पडून. तो आधीच जागा होता.

"पाह्य," म्हणाला, "म्या सांगितलं होतं." त्याने बोट फिरवलं. माझ्या बाजूचं कापड ओलं, थेंब ओघळत होते. त्याच्या बाजूला नुसतं धुरकट. "तुझा श्वास पाह्य केवढा. माझा स्वस्तातला आहे, कापडालेही परवडते."

मी रुमालाने दोन्ही बाजू पुसल्या.

"पंडित, म्या नाही आलो तरी तू उतर तिथं."

"वेड्यासारखं बोलू नकोस. दिवाळीनंतर जाऊ. तोवर औषध लागू पडेल."

"बरं." मग म्हणाला, "पण तिथं माती आहे. खुंट्या विसरू नको."

९ नोव्हेंबर, रविवार

धंतोली. नाकाला नळी. बोलायला त्रास होतो म्हणून पाटीवर लिहितो. आज लिहिलं: पाऊस थांबला ना तिकडे?

केव्हाच थांबला, मी सांगितलं. गेल्या महिन्यापासून रस्ता कोरडा आहे.

हे सांगायला नको होतं, असं खाली येऊन पार्किंगमध्ये वाटलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

संघपाल पहाटे गेला.

पेपरासाठी मजकूर मला द्यायला सांगितला. चार ओळी लिहिल्या. सोबत त्याचा फोटो हवा होता. ऑफिसात शोधला तर त्याचा एकही नाही. सगळे त्याने काढलेले.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

ताई आज जेवताना थांबली. "केशव, त्या पंधरवड्यात गेला असतात तर झालं असतं का रे जाणं?"

ती ताटाकडे बघत होती.

"नाही गं," मी म्हणालो. "तेव्हा तिकडे पाऊस होता."

"खूप?"

"खूप. रस्ताच नव्हता."

तिने मीठ वाढून घेतलं. वरणात आधीच होतं.

ती म्हणाली होती पंधरवडा. दसऱ्यापर्यंत मी थांबलो. आणि त्यानंतर दिवाळी मी काढली. तिला हा हिशेब ठाऊक नाही आणि ठाऊक व्हायचं कारण नाही.

१० डिसेंबर, बुधवार

अधिवेशन सुरू असताना रजा मागितली. संपादकांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. कारण विचारलं, म्हटलं, तंबू पडून आहे.

इंदोऱ्याला गेलो. वहिनींना म्हणालो, त्याची काठी हवी होती, तंबू एका काठीवर उभा राहत नाही. त्या आतून घेऊन आल्या. कापडाने पुसलेली होती. शेवटी शेवटी तो संडासला जाताना तीच धरायचा, हे मला आत्ता त्यांनी सांगितलं. मग पुन्हा आत गेल्या आणि कॅमेरा आणला.

"मला येत नाही, वहिनी."

"कॅमेऱ्याले तरी न्या भाऊजी," त्या म्हणाल्या. "ते तर कड्यापर्यंतच गेलते ना."

१४ डिसेंबर, रविवार. तामिया

काल उतरलो. उतरणं सोपं आहे, डॉक्टर खरं बोलले होते. नदीकाठच्या गावातल्या एका म्हाताऱ्याने शेताच्या बांधावर जागा दिली. माती मऊ, खुंट्या सहज गेल्या. एक काठी माझी, एक त्याची. तंबू सरळ उभा राहिला, जाहिरातीतल्यासारखा. म्हाताऱ्याने आत डोकावून विचारलं, "दूसरा आदमी पीछे आ रहा है क्या?"

मी म्हणालो, "नहीं दादा. बड़ा लिया है बस."

सकाळी उठलो तर माझ्या बाजूचं कापड ओलं, थेंब ओघळत होते. पलीकडची बाजू कोरडी ठणठणीत. रुमाल काढला होता, तो तसाच खिशात ठेवला.

मग चढ. पाठीवर तंबू, सव्वा किलो. माझ्या तोंडून त्या आकड्याचं कौतुक ऐकून ऐकून संघपाल कंटाळला होता. पहिल्या वळणापर्यंत ठीक होतं. मग छातीत भाता सुरू झाला, पाय उचलेनात. मागून लाकडाच्या मोळ्या डोक्यावर घेतलेल्या दोन बाया चढत होत्या, आपसात गप्पा मारत. त्यांच्यासमोर असं धापा टाकत उभं राहायची मला लाज वाटली. काय करावं सुचेना. गळ्यातला कॅमेरा उचलून डोळ्याला लावला, जणू दरीचा फोटो घेतोय.

काळोख. झाकण काढलेलं नव्हतं.

बाया बाजूने निघून गेल्या. मी कॅमेरा खाली घेतला नाही. त्याच्या त्या काळोखात डोळा लावून तसाच उभा राहिलो, दम परत येईपर्यंत. यायला वेळ लागला.